दादा नेमका कुठं उभा होता?

पलूसच्या एका ताईंनी विचारलंय. बारावीनंतर काकांनी त्यांच्या लग्नाचं मनावर घेतलं होतं. थोरल्या भावानं सगळ्या भावकीसमोर ठणकावून सांगितलं, ‘ती शिकणार.’ पुढं तीन वर्षं सांगलीतल्या खोलीचं भाडं त्यानंच भरलं. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले, तेव्हाही त्याचा शब्द फिरला नाही. आता नोकरीच्या मुलाखतीत हे इंग्रजीत सांगायचंय. ‘माय ब्रदर सपोर्टेड मी’ म्हणावं, ‘बॅक्ड मी’ म्हणावं, ‘स्टुड बाय मी’ की ‘स्टुड अप फॉर मी’?

ताई, चारही वाक्यं व्याकरणात बसतात. पण तुमच्या दादानं एकच गोष्ट केलेली नाही, आणि प्रत्येक गोष्टीला इंग्रजीत वेगळं क्रियापद आहे. मी निवडताना एवढंच बघते, की मदत करणारा माणूस कुठं उभा आहे.

सपोर्ट करणारा खाली असतो. लॅटिनमधून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थच ‘खालून उचलून धरणं’. आपण भिंतीला टेकू देतो, तसं. म्हणून खोलीच्या भाड्याला हा शब्द चपखल बसतो. ‘आय सपोर्ट माय पेरेंट्स’ म्हटलं की ऐकणारा समजतो, आईवडिलांचा खर्च ही चालवते. आपल्याकडं ‘घरच्यांचा फुल सपोर्ट आहे’ यात पैसा, धीर, परवानगी सगळंच येतं. तिकडं तसं आपोआप येत नाही. आणि दादा ‘सपोर्टिव्ह’ आहे, ‘सपोर्टिंग’ नव्हे. सपोर्टिंग हे छत पेलणाऱ्या खांबाला म्हणतात, नाहीतर सिनेमातल्या सहायक नटाला.

बॅक करणारा मागं असतो. इथं मराठी अगदी हातात हात घालून चालते: पाठबळ, पाठराखण, पाठीशी असणं. नवरीसोबत पाठराखीण सासरी जाते, ती तिथं नवरीच्या वतीनं भांडत नाही. आपलं माणूस मागं आहे, एवढ्यानंच नवरीला बळ येतं. बॅकमध्ये हेच आहे. उमेदवाराला, निर्णयाला, एखाद्याच्या धंद्याला बॅक करतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत सूचकाच्या पाठोपाठ अनुमोदक हात वर करतो, त्याला मात्र ‘सेकंड’ करणं म्हणतात. आणि ‘बॅक अप’ म्हणजे बऱ्याचदा दुजोरा. काका म्हणाले असते, ‘फीचं खोटं सांगतेस,’ आणि दादा म्हणाला असता, ‘नाही, पावती मी बघितलीय,’ तर ‘ही बॅक्ड मी अप’.

भावकीसमोर जे घडलं, ते ‘स्टुड अप फॉर मी’. इथं माणूस पुढं येऊन उभा राहतो. मराठीत कैवार घेणं. आमच्याकडं ‘कड घेतली’ म्हणतात. यात ‘फॉर’ला फार जपा. ‘स्टुड अप टु मी’ झालं, तर दादा तुमच्याच विरोधात उभा राहिला! ‘टु’ काकांना लागतो: ‘ही स्टुड अप टु माय अंकल’, म्हणजे काकांपुढं तो डगमगला नाही.

‘स्टुड बाय मी’ शेजारचं आहे. विषय राहिले तेव्हाची साथ ती हीच. पण घाईत त्यातला ‘मी’ गळला, की अर्थ उलटतो. नुसतं ‘ही स्टुड बाय’ म्हणजे तो हात बांधून बघत राहिला. कृष्णेचं पाणी 40 फुटांची इशारा पातळी ओलांडतं, तेव्हा सांगलीच्या आयर्विन पुलावर बघ्यांची गर्दी होते, ते नुसतं ‘स्टँड बाय’. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा ज्यांनी होड्या घालून माणसं बाहेर काढली, त्यांच्यासाठी साधा ‘हेल्प’च योग्य. हेल्प म्हणजे प्रत्यक्ष कामाला हात लावणं. त्यात ‘असिस्ट’ आणू नका. ते दुय्यम हाताचं काम, डॉक्टरला नर्स करते तसं.

प्रश्नात नसलेला एक वाक्प्रचार मला राहवत नाही म्हणून सांगते: ‘तळी उचलणं’. आपल्या कऱ्हाडजवळच्या पालीला खंडोबाची तळी उचलताना भंडारा-खोबरं ठेवलेलं ताट सगळे मिळून वर उचलतात, ‘येळकोट येळकोट’चा गजर होतो. विधी भक्तीचा, पण बोलण्यात त्याचा अर्थ लाचारीनं एखाद्याची बाजू घेणं असा झाला. बॅक किंवा सपोर्टमध्ये ही लाचारी मुळीच नाही. म्हणून कुणी भाषांतरात ‘तळी उचलली’ला ‘सपोर्टेड’ लिहिलं, की मला वाक्यातला जीव गेल्यासारखं वाटतं.

तर मुलाखतीत असं म्हणा: ‘माय ब्रदर स्टुड अप फॉर मी व्हेन माय फॅमिली वॉन्टेड मी टु गेट मॅरीड. ही सपोर्टेड मी थ्रू कॉलेज, अँड ही स्टुड बाय मी व्हेन आय फेल्ड टू सब्जेक्ट्स.’ यातलं ‘टू सब्जेक्ट्स’ गाळू नका. नुसतं ‘व्हेन आय फेल्ड’ ऐकलं, तर समोरच्याला सगळं वर्षच वाया गेलं असं वाटेल.