दोन महिने सूर्यच नाही, तिथं पोरीला पाठवायचं का?

प्रश्न : माझ्या मुलीला नॉर्वेत ट्रॉम्सोला पगारी पीएचडी मिळालीये. आम्ही सांगलीचे, तिनं जास्तीत जास्त थंडी बघितली ती महाबळेश्वरची. सासूबाई म्हणतात जिथं सूर्य उगवत नाही तिथं माणसानं राहायचंच कशाला. मुलगी ठाम आहे, ऑगस्टमध्ये जायचंय, आणि इकडं माझी झोप उडालीये. खरंच राहता येतं का तिथं?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, येतं. पाऊण लाखाच्या वर माणसं राहतात तिथं, विद्यापीठ आहे, मोठं हॉस्पिटल आहे, मी पण काही वर्षं राहून आलेय, त्यामुळं ऐकीव काही सांगत नाही.

थंडीची भीती आधी काढून टाका. गाव 69 अंश उत्तर अक्षांशाच्या वर, आर्क्टिक वर्तुळाच्या बरंच उत्तरेला, पण अटलांटिकमधला गरम पाण्याचा प्रवाह किनाऱ्याजवळून जातो म्हणून जानेवारीची सरासरी उणे 3-4 च्या आसपास राहते, उणे 20 वगैरे गावात सहसा होतच नाही. घरं आतून उबदार असतात. त्रास होतो तो घसरण्याचा. तापमान शून्याच्या वर-खाली होत राहतं, बर्फ वितळतो, परत गोठतो आणि रस्त्याची काच होते, नव्यानं आलेल्यांची मनगटाची हाडं मोडतात ती अशीच. बुटाला लावायचे खिळेवाले पट्टे तिथं साध्या दुकानात मिळतात, पहिल्या आठवड्यातच घ्यायला सांगा.

आता अंधार. 27 नोव्हेंबरच्या सुमारास सूर्य जातो तो 15 जानेवारीपर्यंत वर येत नाही. पण म्हणजे दीड महिना अमावस्या असं नाही हो, 21 डिसेंबरला सुद्धा दुपारी सूर्य क्षितिजाच्या फक्त 3 अंश खाली असतो, त्यामुळं काही तास निळा-गुलाबी उजेड पडतो, खाली पांढरा बर्फ असला की तो दुप्पट वाटतो, आणि तो उजेड इतका सुंदर असतो की मला अजून आठवतो. आभाळ मोकळं असेल तर रात्री ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पट्टे नाचताना घराच्या खिडकीतून दिसतात, लोक लाखो रुपये खर्चून येतात ते बघायला. माझ्या मते डिसेंबरपेक्षा नोव्हेंबर वाईट. बर्फ टिकत नाही, पाऊस, चिखल, आणि दिवस रोज भराभरा लहान होत जातो. तेव्हा तिला सांगा की दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॅबमधून बाहेर पडायचंच, वीस मिनिटं का होईना. जायच्या आधी सांगलीतच ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्या, आपल्यातल्या बऱ्याच जणांचं इथं उन्हात राहूनसुद्धा कमी असतं, आणि तिकडं हिवाळ्यात कातडीला ते बनवताच येत नाही. गोळीचा डोस डॉक्टर सांगतील. तिथले लोक कॉड माशाचं तेल चमच्यानं पितात, ती शाकाहारी असेल तर गोळ्याच बऱ्या.

सासूबाईंना एक आवर्जून सांगा. सूर्य परत येतो 15 जानेवारीला, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या आसपासच! डोंगर आड येतात म्हणून गावात तो दिसतो 21 तारखेला, त्या दिवशी सगळं गाव त्याची वाट बघतं, जॅम भरलेले गोड गोल पाव खातात, पोरं शाळेतून बाहेर येऊन उभी राहतात. इथं आपल्याला एप्रिलमध्ये सूर्य नकोसा होतो, तिथं त्याच्यासाठी लोकांचे डोळे भरून येताना मी बघितलेत.

उन्हाळ्याचं कुणी सांगत नाही. 20 मे ते 22 जुलै सूर्य मावळतच नाही. रात्री एक वाजता लोक घराला रंग देतायत, डोंगर चढतायत, अंगात वेगळीच ताकद येते, पण झोपेचं खोबरं होतं. काळे जाड पडदे घ्यायचे आणि घड्याळ बघून झोपायचं, उजेड बघून नाही.

मला विचाराल तर खरी अडचण माणसांची. तिथले लोक चांगले आहेत, पण न सांगता कुणी दारात येत नाही, ‘चहा टाक गं’ म्हणणारी शेजारीण नाही. मैत्री होते ती एकत्र काहीतरी करताना, स्कीइंग, डोंगर, गाण्याचा ग्रुप, काहीही. ते तिनं ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच धरावं, अंधार पडल्यावर नवीन ओळखी करायला अंगात जोर राहत नाही. आणि तुम्ही फोन केल्यावर रोज ‘अंधार आहे का गं’ विचारू नका, जेवण काय केलं ते विचारा. हिवाळ्यात ती साडेचार तास मागे असते, तुमची रात्रीची जेवणं उरकली की तिची संध्याकाळ नुकती सुरू होते, वेळ छान जुळते.

पाठवा तिला.

प्रश्न : नवऱ्याला स्वीडनमध्ये किरुनाच्या खाणीत नोकरी लागतेय. मुलगा 4 वर्षांचा. उणे 30 मध्ये लेकराचं कसं व्हायचं?
– सदरबझार, सातारा

उत्तर : किरुना समुद्रापासून आत आहे, त्यामुळं तिथं उणे 30 खरंच होतं, मात्र हवा कोरडी, आणि सूर्य साधारण तीनच आठवडे गायब असतो. लेकराची काळजी सगळ्यात कमी करा. तिथल्या बालवाडीत पोरांना जाड ओव्हरऑल घालून रोज बाहेर खेळायला नेतात, पोरं खूश असतात, फीला सरकारी कमाल मर्यादा आहे. फक्त अंगालगत सुती बनियन नको, घामानं ओलं झालं की गारठा बसतो, आत लोकरीचंच.

गाव सध्या जागा बदलतंय हे माहीत असू दे. लोखंडाच्या खाणीमुळं जमीन खचतेय म्हणून वस्ती थोडी थोडी हलवतायत, 1912 चं लाकडी चर्च तर ऑगस्ट 2025 मध्ये अख्खंच्या अख्खं चाकांवर चढवून सुमारे 5 किलोमीटर नेलं. घर घेताना ते कुठल्या भागात आहे ते नीट विचारा.

तोटे पण सांगते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर बाळंतपणाला सव्वाशे किलोमीटरवर येलिवारेला जावं लागतं, तेही कदाचित बर्फातून. जून-जुलैत डास इतके की कृष्णाकाठचे काहीच नाहीत. आणि स्वीडिश येत नसेल तर तुम्ही घरात अडकून पडाल, म्हणून पोचल्या पोचल्या सरकारी भाषा-वर्गाला नाव घाला, फुकट असतात.

कंदी पेढे मात्र बॅगेत भरू नका, दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. चटण्या, पापड, मेतकूट न्या.