टी-शर्टचं कलर सेपरेशन फुकटात होईल का?

प्रश्न: मंडळांचे टी-शर्ट स्क्रीन प्रिंटिंगने छापतो, तीन-चार रंगांचे लोगो असतात. कलर सेपरेशनसाठी, म्हणजे प्रत्येक रंग वेगळा काढायला, महागडं सॉफ्टवेअर परवडत नाही, काय वापरू? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: दादा, गिंप (फोटो एडिटिंगचं) आणि इंकस्केप (व्हेक्टर ड्रॉइंगचं) ही सॉफ्टवेअर टाका, दोन्ही ओपन सोर्स, म्हणजे फुकट आहेत आणि तुमच्या कामाला बिनधास्त पुरतात. गिंपमध्ये मोड इंडेक्स्ड (मोजकेच रंग ठेवणारा) करा, रंग चार ठेवा (पांढरी बॅकग्राउंड असेल तर तोही एक रंग धरा), डिदरिंग (ठिपके मिसळून मधल्या छटा दाखवणं) बंद, मग मोड परत आरजीबी (नेहमीचा रंगीत मोड) करून एकेक रंग सिलेक्ट करून वेगळ्या लेयरवर घ्या आणि तो पूर्ण काळा भरा, कारण स्क्रीन बनवायच्या पारदर्शक फिल्मवर काळंच लागतं. रजिस्ट्रेशन मार्क (रंग एकमेकांवर जुळवायच्या खुणा) सगळ्या लेयरवर एकाच जागी हवेत, हे विसरलात की रंग सरकलेच म्हणून समजा. फोटो असेल तर गिंपच्या न्यूजप्रिंट फिल्टरने हाफटोन (छटांचे लहान-मोठे ठिपके) काढा, ४५ एलपीआयला (इंचाला ठिपक्यांच्या ४५ ओळी) साधारण २०० मेश (स्क्रीनच्या जाळीचे इंचाला २०० धागे) चालतो.