उत्पन्न सारखंच असूनही काही इमारतींत क्षयरोग जास्त का?

मुख्यतः हवा आणि ऊन आत येत नाही म्हणून. मुंबईत मानखुर्द-गोवंडीच्या तीन पुनर्वसन वसाहतींची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंडमध्ये क्षयाचं प्रमाण जवळच्याच पीएमजीपी वसाहतीपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघालं. पहिल्या दोन्हीकडे दोन इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर. घर २२५ चौरस फुटांचं, खिडकी उघडली की समोर भिंत. खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लागते. खोकल्यातून उडालेले सूक्ष्म कण अशा खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. मोकळ्या हवेत ते पांगतात, उन्हात जंतू मरतात. नुसता पंखा उपयोगाचा नाही, तो तीच हवा फिरवतो. खिडकी आणि समोरचं दार एकदम उघडं ठेवा, जमलं तर खिडकीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट लावा.

अर्थात संसर्ग झालेला प्रत्येकजण आजारी पडत नाही. कुपोषण, मधुमेह, तंबाखू यांचाही वाटा मोठा आहे. त्यामुळे घर हवेशीर असलं तरी दोन आठवड्यांवर खोकला राहिला, तर सरकारी किंवा पालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या, मोफत होते.