वाचकांचे प्रश्न : वाडा हेरिटेज यादीत घालावा का?

प्रश्न : सदाशिव पेठेत आमचा वडिलोपार्जित वाडा आहे, साधारण 150 वर्षं जुना. मालकीत चार हिस्से, शिवाय दोन जुने भाडेकरू. चुलतभावांना बिल्डरला द्यायचाय, मला नाही. महापालिकेच्या हेरिटेज यादीत नाव घातलं तर वाडा पडायचा थांबेल का? आणि मग तो आमचा राहणार का सरकारजमा होणार? – एक वाचक, पुणे

उत्तर : सरकारजमा बिलकुल होत नाही, ही भीती आधी काढून टाका, कारण यादीचं नाव काढलं की निम्मी घरं याच भीतीने गप्प बसतात. मालकी तुमचीच राहते, विकता येतो, गहाण टाकता येतो, मुलांच्या नावावर करता येतो, आणि कुणी पर्यटक वाडा बघू द्या म्हणून दारात उभा राहिला तर त्याला आत घ्यायची सक्तीही नाही. बदलतं ते एवढंच की पाडायला, वाढवायला, दर्शनी भाग बदलायला आयुक्तांची आधी परवानगी लागते आणि आयुक्त ती हेरिटेज समितीच्या सल्ल्याने देतात. मुंबईने 1995 मध्ये देशात पहिल्यांदा असे नियम केले, त्यात तर रंग आणि गिलावासुद्धा परवानगीच्या यादीत आहे. इतर शहरांनी बराचसा तोच ढाचा उचललाय.

आता अर्ज. महापालिकेच्या हेरिटेज सेलकडे नाहीतर थेट आयुक्तांच्या नावाने द्या. सोबत प्रॉपर्टी कार्ड, नकाशा, जुने-नवे फोटो आणि वाड्याची माहिती जोडा. "खूप जुना आहे" एवढ्याने काम होत नाही हो, जुनं तर पेठेत बरंच काही आहे. दरवाजावरची गणेशपट्टी, चौक, सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकारात कोरलेले) खांब, महिरपी, कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांचं छत), कुठला भाग कधी बांधला, कोण राहून गेलं, गल्लीतून वाडा कसा दिसतो, हे सगळं लिहा. अंगणात हौद किंवा उच्छ्वास (जुन्या भूमिगत नळावरचा हवा जायचा उभा बांधीव खांब) असेल तर त्याचा फोटो सगळ्यात वर लावा! नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शहरात जे पाणी आणलं त्या नळाचे अवशेष अजून काही जुन्या वाड्यांत सापडतात, आणि घरचे लोक त्यावर तुळशीची कुंडी ठेवून मोकळे झालेले असतात.

चुलतभावांची सही नसली म्हणून अर्ज अडत नाही, पण ते हरकत नक्की घेऊ शकतात. यादीत बदल करायचा तर हरकती-सूचना मागवाव्या लागतात, त्यांचा विचार व्हावा लागतो आणि शेवटी मंजुरी राज्य सरकारची, म्हणजे हे काम महिन्याभरात होईल असं धरून चालू नका. तेव्हा आधी घरात बसून बोला. भाडेकरूंना यादीने ना काही मिळतं ना काही जातं, त्यांचे हक्क 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने आहेत तसेच राहतात.

पण तुमच्या पत्रात जे नाहीये तेच मला जास्त टोचतंय. वाडा आज कसा उभा आहे? कारण बहुतेक वाडे बिल्डरमुळे नाही, धोकादायक इमारतीच्या नोटिशीमुळे जातात. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 264 खाली ती नोटीस येते, आणि इमारत खरंच पडायला झाली असेल तर यादीत नाव असून काय उपयोग, माणसांचा जीव आधी. म्हणून अर्जाच्या आधी, निदान अर्जाबरोबरच, स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, तेही चुना आणि लाकूड कळणाऱ्या इंजिनिअरकडून. फक्त आरसीसी बघितलेला माणूस आला तर तो दहा मिनिटांत "पाडा" असं लिहून जाईल, त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

तुम्ही स्वतः दोन जागा बघा. एक, वरच्या मजल्यावर मागाहून काढलेली मोरी. तिचं पाणी वर्षानुवर्षं खालच्या कडीपाटात मुरत असतं, खालून बघाल तर फळी काळी पडलेली आणि कडीचं भिंतीतलं टोक नखाने उकरलं तरी भुगा निघतो. दुसरी म्हणजे खांबाचा बुंधा, जिथे खांब दगडी तळखड्यावर बसतो. फरशी घालताना जमीन वर उचलली आणि तळखडा सिमेंटमध्ये गाडला की लाकूड ओल शोषत बसतं. कुजलेला तुकडा कापून नवीन सागवानी जोड देता येतो, अख्खा खांब काढायची गरज नसते. आणि विटा-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा लावू नका, आत गेलेली ओल बाहेरच पडत नाही मग.

ही दुरुस्ती कुणी करायची? मालकाने. नियमातच लिहिलंय.

प्रश्न : मग मालकाला मिळतं काय? आमच्या जुन्या घराबद्दल महापालिकेचे लोक येऊन गेले, कौतुक करून गेले. पैशाचं कुणी बोलत नाही. – एक वाचक, नाशिक

उत्तर : कौतुकावर कौलं शाकारता येत नाहीत, राग समजू शकतो. थेट अनुदानाच्या आशेवर बसू नका. मुंबईच्या नियमांत दुरुस्तीसाठी वेगळा निधी काढायची सोय आहे, पण सोय असणं आणि आपल्या हातात चेक पडणं यात बरंच अंतर आहे. कामाच्या गोष्टी दोन. हेरिटेजमुळे तुम्हाला जो एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येईल ते प्रमाण) वापरता येत नाही त्याचा टीडीआर (तोच बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरायला देता येण्याची सोय) मागता येतो, सर्टिफिकेट मिळालं की बाजारात विकता येतं, भाव मात्र वरखाली होत राहतो, आणि तुमच्या प्लॉटवर न वापरलेला एफएसआय शिल्लकच नसेल तर विकायला काही नाही. दुसरी गोष्ट वापरात बदल. घर आहे तसं नीट राखायची हमी दिली तर समितीच्या मान्यतेने काही भाग किंवा अख्खं घर ऑफिस, दुकान, हॉटेल अशा कामाला लावता येतं. निगा राखली नाही तर परवानगी काढूनही घेतात. माझं विचाराल तर टीडीआरपेक्षा हीच वाट बरी, टीडीआरचे पैसे एकदाच येतात आणि छत दर पावसाळ्यात गळतं. आर्किटेक्टला बोलावून तुमच्या शहराची नियमावली त्याच्यासमोर उघडून बसा, ग्रेड कुठली पडेल त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. ग्रेड एकला आतबाहेर जवळपास हात लावता येत नाही, दोनला आतले बदल चालतात, तीन सगळ्यात सैल.

प्रश्न : आमचं घर शनिवारवाड्याच्या अगदी जवळ आहे, हेरिटेज यादीत नाही, तरी बांधकामाला परवानगी मिळत नाही. असं कसं? – एक वाचक, पुणे

उत्तर : हा महापालिकेचा विषयच नाही. शनिवारवाडा केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे आणि प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 ला जी दुरुस्ती झाली त्याप्रमाणे अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवीन बांधकाम बंद, पुढचे 200 मीटर परवानगीने. दुरुस्तीला मात्र 100 मीटरच्या आतही परवानगी मिळू शकते, त्यासाठी केंद्राच्या राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाचं ना हरकत लागतं. हे अंतर स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून मोजतात, तेव्हा तुमचं घर नक्की कुठल्या पट्ट्यात येतं ते आधी मोजून घ्या, मग आर्किटेक्टची फी भरा.