हप्ता झेपतो, कर्ज झेपतंय का?

तुम्ही दोघं नोकरी करता आणि पहिलंच घर घेताय. बँकेनं मंजूर केलेल्या कर्जाचा हप्ता २० वर्षांच्या मुदतीत ओढाताण करून बसतो, ३० वर्षांच्या मुदतीत सहज बसतो. मग ३० वर्षं घ्यावीत आणि शिल्लक सगळी डाउन पेमेंटला लावून मोकळं व्हावं, असा तुमचा विचार आहे.

दोन्हीला माझं उत्तर ‘असं नको’ हेच आहे. मुदतीचं आधी बघू.

हिशोबाला सोपं म्हणून एक लाखाचं कर्ज धरा, व्याज साडेआठ टक्के. २० वर्षांचा हप्ता ८६८ आणि ३० वर्षांचा ७६९. म्हणजे मुदत दहा वर्षांनी वाढवून महिन्याला वाचले जेमतेम ९९. आणि एकूण व्याज? १ लाख ८ हजारांवरून थेट १ लाख ७७ हजारांवर.

असं का होतं, ते पहिल्या हप्त्यातच दिसतं. पहिल्या महिन्याचं व्याज ७०८, ते दोन्ही मुदतींना सारखंच. २० वर्षांच्या हप्त्यातून मुद्दलात १६० जातात, ३० वर्षांच्या हप्त्यातून फक्त ६१. त्यामुळे ३० वर्षांच्या कर्जावर पाच वर्षं इमानेइतबारे ४६ हजार भरूनही मुद्दल साडेचार हजारांनीच उतरलेलं असतं. लोक बँकेत जाऊन भांडतात, पण चूक बँकेची नसते. व्याज शिल्लक मुद्दलावर लागतं, आणि सुरुवातीला जवळजवळ सगळं मुद्दल शिल्लकच असतं.

मला खरी भीती वेगळीच वाटते. तुमचा दर बदलता आहे. कर्ज घेतल्यावर पहिल्याच वर्षी तो एक टक्क्यानं वाढला, तर लाखामागे महिन्याचं व्याजच साधारण ७९० होतं. हप्ता तर ७६९! म्हणजे नुसतं व्याजही फिटणार नाही. बँक हप्ता वाढवेल, नाहीतर मुद्दल फुगत जाईल. २० वर्षांच्या कर्जात तीच वाढ सुरुवातीला झाली आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत जवळपास २६ वर्षांवर जाते. तेही वाईटच, पण कर्ज फिटतं तरी.

लांब मुदत वाईटच असं मात्र मी म्हणणार नाही. ३० वर्षांचं कर्ज घेऊन दरमहा २० वर्षांच्या हप्त्याइतकी रक्कम भरली, तर ते २० वर्षांतच फिटतं. शिवाय एखाद्या वर्षी नोकरी गेली तर कमी हप्त्यावर येण्याची सोय राहते. अट एवढीच की मुदतीआधी पैसे भरल्यावर दंड नसावा आणि जादा रक्कम मुद्दलातच वळती व्हावी. (ती जादा रक्कम आपोआप खात्यातून वळती होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. ‘दर महिन्याला आठवणीनं भरू’ म्हणणारे फारसे भरत नाहीत.)

म्हणून मुदतीवरून कर्ज ठरवू नका. दर एक टक्क्यानं जास्त धरून २० वर्षांचा हप्ता काढा (लाखामागे ९३२) आणि तो दोघांपैकी एकाचा पगार काही महिने थांबला तरी भरता येईल का ते बघा. त्यात बसेल तेवढंच कर्ज घ्या, मग मुदत ३० केली तरी माझी हरकत नाही. बँकेची मंजुरी म्हणजे ती किती द्यायला तयार आहे एवढंच. तुमच्या घरखर्चाचा अंदाज तिला नसतो.

शिल्लक सगळी ओतू नका. नोंदणी, कर, वकिलाची फी, सामान हलवणं, गळका नळ, हे सगळं ताबा मिळण्याच्या आगेमागे एकदमच समोर येतं. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला काढून उरेल ते डाउन पेमेंट. त्यानं कर्ज थोडं वाढून वरच्या हिशोबात बसेनासं झालं, तर घर एका खोलीनं लहान बघा.

सही करण्याआधी बँकेकडून परतफेडीचा पूर्ण तक्ता मागून घ्या आणि दर वाढल्यावर बँक हप्ता वाढवणार की मुदत, हे लेखी विचारा.