शाळेसाठी थोडाच निधी आहे, स्मार्ट बोर्ड घ्यावा का?

नको, तेच पैसे तिसरी-चौथीत येऊनही धड वाचता न येणाऱ्या मुलांना रोज तास-दोन तास शिकवणाऱ्या माणसावर, म्हणजे गावातल्याच एखाद्या शिकलेल्या तरुणीच्या मानधनावर खर्च करा. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ दरम्यान हेच केलं. दहावी-बारावी झालेल्या स्थानिक 'बालसखी' शाळेच्या वेळेतच मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना वेगळं बसवून वाचन आणि अंकगणित शिकवत. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांनी याचं मोजमाप केलं, तेव्हा गुण वाढलेले दिसले, आणि सर्वाधिक फायदा तळाच्या मुलांना झाला. खर्च मात्र कायमस्वरूपी शिक्षकाच्या पगाराच्या मानाने किरकोळ. उलट पेरू देशाने मुलांना लॅपटॉप वाटले, तिथे गणित-भाषेत फरक दिसला नाही. (बोर्डाच्या उद्घाटनाचा फोटो छान येतो, हे मान्य!)

यंत्र मुळातच वाईट असं मात्र नाही. वडोदऱ्यातच मुलाच्या पातळीप्रमाणे प्रश्न देणाऱ्या संगणक-खेळांनी गणिताचे गुण चांगलेच वाढले होते. त्यामुळे शाळेत संगणक धूळ खात पडले असतील, तर ते आधी चालू करा. आणि सातवीनंतर मुलींची गळती शाळा लांब असल्यामुळे होत असेल, तर प्रश्नच वेगळा. तिथे २००६पासून बिहारने केलं तसं सायकलींवर खर्च करणं जास्त उपयोगाचं.