वाचकांचे प्रश्न: आयर्लंड-वेल्सचा अभ्यासदौरा

प्रश्न : अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दोन आठवडे आयर्लंड आणि वेल्सला न्यायचं आहे. भारतीय पारपत्रावर एकच व्हिसा चालेल का? तिथं काय आवर्जून दाखवावं?

उत्तर : अल्पकालीन भेटीच्या व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी नोंद असेल, तर एकच पुरतो. मात्र ज्या देशानं व्हिसा दिला, तिथंच आधी उतरावं लागतं. गडबड इथंच होते : आयरिश व्हिसा हातात आणि स्वस्त तिकीट लंडनमार्गे! आयरिश व्हिसा असेल तर आधी डब्लिन. तिथून वेल्समधल्या होलीहेड बंदराची फेरीबोट सव्वातीन तासांची. पलीकडे युरो नव्हे, पौंड.

आयर्लंडचा जीडीपी बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या नफ्यामुळे फुगलेला दिसतो. म्हणून तिथलं सांख्यिकी कार्यालय ‘सुधारित जीएनआय’ही (असा फुगवटा वगळून काढलेलं राष्ट्रीय उत्पन्न) देतं. निघण्यापूर्वी हे दोन्ही आकडे मुलांकडून शेजारी-शेजारी मांडून घ्याच. डब्लिनच्या गोदी परिसरातल्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या काचेच्या इमारती मग वेगळ्याच दिसतात.

वेल्समध्ये ब्लेनावोनची ‘बिग पिट’ चुकवू नका. 1980 मध्ये बंद झालेली ही कोळसाखाण आता संग्रहालय आहे. 90 मीटर खाली उतरण्याआधी मोबाइल, बॅटरीची घड्याळं वरच ठेवावी लागतात, कारण खाणवायूत ठिणगीचा धोका. त्यामुळे टिपणांसाठी वही-पेन्सिल न्या.